कुत्र्याला घेऊन डोंगरावर जाताय? आधी घड्याळ बघा

पाडवा जवळ आला की बेंगळुरूतल्या मराठी घरांतून त्याच त्या शंका येऊ लागतात. "नंदीबेट्ट्याला कुत्र्याला नेऊ देतात का?" "सावनदुर्ग आमच्या लॅब्राडॉरला झेपेल का?" "सकाळी आभाळ स्वच्छ असतं आणि दुपारी गारा पडतात, तेव्हा कुत्र्याचं काय करायचं?" विचारणाऱ्यांतले बरेच जण सिंहगड, राजमाची, हरिश्चंद्रगड करून इथे आलेले असतात. डोंगर त्यांना नवा नाही आणि कुत्राही घरचाच असतो. नवी असते ती इथली मार्च-एप्रिलची हवा, उघडाबोडका ग्रॅनाइट आणि कर्नाटक वनखात्याचे नियम.

सुरुवातीलाच एक सांगतो. कुत्रा "आता पुरे" म्हणत नाही. तुम्ही चालताय तोवर तो चालत राहतो, जीभ लोंबत असली, पंजे पोळत असले तरी. त्यामुळे परत फिरायची वेळ डोंगरावर गेल्यावर ठरवायची नसते, ती आदल्या रात्री घरी ठरवायची असते. वसंतातली मोहीम साडेनऊच्या आत गाडीपाशी संपली पाहिजे. एवढं पाळता येणार नसेल तर कुत्र्याला घरी ठेवा आणि तुम्ही खुशाल जा.

आधी परवानगी, मग बाकी सगळं

बेंगळुरूभोवतीचे बरेचसे डोंगर वनखात्याच्या ताब्यात आहेत. २०२४च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत कुमार पर्वतावर ट्रेकर्सची झुंबड उडाली. त्यानंतर खात्याने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटा बंद केल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'अरण्य विहार' संकेतस्थळावरून नोंदणी सुरू झाली आणि एका वाटेवर दिवसाला ३०० जणांची मर्यादा आली. ही नोंदणी माणसाची असते. तिकीट मिळालं म्हणजे कुत्र्यालाही परवानगी मिळाली, असा अर्थ काढू नका. चौकीवरच्या वनरक्षकाने कुत्र्याला अडवलं तर तो त्याचं काम करतोय. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण ऋतूची. फेब्रुवारीपासून मेपर्यंत इथे वणव्याचे दिवस. या काळात वनखातं अनेक वाटा ऐनवेळी बंद करतं. शुक्रवारी रात्री संकेतस्थळ बघितल्याशिवाय शनिवारी पहाटे निघू नका.

ठिकाणांची साधारण वर्गवारी अशी लागते:

- कुत्रा अजिबात न्यायचा नाही: राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं. बन्नेरघट्टा, पुष्पगिरी (कुमार पर्वत यातच येतो), कुद्रेमुख, रामनगरचा रामदेवर बेट्टा. रामदेवर बेट्टा 'शोले'मुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण २०१२पासून ते गिधाडांचं अभयारण्य आहे आणि तिथे अस्वलंही आहेत.
- विचारल्याशिवाय न्यायचा नाही: स्कंदगिरी, सावनदुर्ग, मकळीदुर्ग यांसारख्या वनखात्याच्या वाटा. फोनवर विचारा आणि "हो" म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव टिपून ठेवा.
- न्यावं असं वाटत नाही: शिवगंगेसारखे देवस्थानाचे डोंगर. दर्शनाला अनवाणी चढणाऱ्या भाविकांच्या पायात आपला कुत्रा असू नये. नंदीबेट्टाही माझ्या मते याच रांगेत. गर्दी, गाड्या आणि हातातली पिशवी ओढून नेणारी माकडं. माकडांची टोळी आणि लीशला बांधलेला कुत्रा ही गाठ कुत्र्याच्या बाजूने कधीच सुटत नाही.
- न्यायला योग्य: खासगी शेतमळे, कॉफीचे मळे, गावालगतच्या टेकड्या, तलावांचे बांध. सकलेशपूर, चिक्कमगळूर, कोडगू इथले काही मळेवाले पाहुण्यांच्या कुत्र्यांना आपल्या आतल्या वाटांवर फिरू देतात. माझी शिफारस विचाराल तर हीच.

मळ्यात गेलात तरी दोन गोष्टी मालकाला आवर्जून विचारा. रानडुकरांसाठी कुठे फास किंवा गावठी बॉम्ब लावलेत का? आणि अलीकडे औषधफवारणी किंवा उंदरांचं विष टाकणं झालंय का? मटणात गुंडाळलेल्या गावठी बॉम्बला तोंड लावून कुत्री मरतात. ही काल्पनिक भीती नाही. आपल्या कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनाही हा प्रकार माहीत आहे.

तुमचा कुत्रा या डोंगराचा आहे का?

जातीवरून सगळं ठरत नाही, पण बरंच ठरतं.

- पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर: नाक चपटं, म्हणजे धापा टाकून अंग थंड करण्याची सोयच तोकडी. मार्चनंतर यांना चढावर नेऊ नका. पाठीवरच्या पिशवीत घालून शिखरावर फोटो काढणं हाही उपाय नाही, कारण पिशवीत हवा आणखी कमी खेळते.
- हस्की, सेंट बर्नार्ड: बेंगळुरूत हे कुत्रे हौसेने पाळले जातात. एसीतून बाहेर काढून त्यांना एप्रिलमध्ये डोंगर दाखवणं मला क्रूरपणा वाटतो. उन्हाळा आला म्हणून यांचे केस भादरूही नका, तो दुहेरी थर उन्हापासूनही बचाव करतो.
- लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर: वजन आटोक्यात असेल तर सकाळचा छोटा चढ चालेल. शहरातले निम्मे लॅब्राडॉर लठ्ठ असतात, हे मात्र त्यांच्या मालकांना पटत नाही. बरगड्या हाताला लागत नसतील तर आधी दोन महिने सपाटीवर चाला.
- देशी कुत्रा: या हवेला सगळ्यात सरावलेला. त्याच्या बाबतीत उन्हापेक्षा तो दोर सोडवून पळण्याची काळजी जास्त.
- मुधोळ हाउंड: बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली ही जात. आपल्याकडे तिला कारवानी म्हणतात. टपाल खात्याने २००५ साली तिच्यावर तिकीटही काढलं. पळण्यात हिचा हात धरणारं कोणी नाही, पण हिचा जन्म सशामागे धावण्यासाठी झालाय. उघड्या माळावर दोर सुटला तर हाक तिच्या कानापर्यंत पोचणार नाही.

वर्षाच्या आतलं पिल्लू, गाभण कुत्री, हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असलेला कुत्रा आणि आठ वर्षांपुढचा म्हातारा यांना पायथ्याचा फेरफटका पुरे.

इथली हवा कशी फिरते

बेंगळुरू मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर वसलंय. त्यामुळे नंदीबेट्टा १,४७८ मीटर आणि सावनदुर्ग १,२२६ मीटर हे आकडे वाचून दडपून जाऊ नका. प्रत्यक्ष चढ त्यापेक्षा बराच कमी असतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की वर गेल्यावर गारवाही फारसा मिळत नाही. शंभर मीटर चढलात की तापमान साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतं. ५०० मीटर चढूनही फरक जेमतेम तीन अंशांचा. वरचा वारा आपल्या घामाला बरा वाटतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. त्यामुळे "वर छान वारं होतं" हा तुमचा अनुभव असतो, त्याचा नसतो.

एप्रिल हा बेंगळुरूचा सगळ्यात गरम महिना. २४ एप्रिल २०१६ला शहराचा पारा ३९.२ अंशांवर गेला होता. मात्र याच महिन्यात दुपारनंतर वळीव येतो. क्रम बहुतेक वेळा ठरलेला: सकाळ निरभ्र, अकराच्या सुमाराला पांढरे ढग, एक-दोन वाजता ते फुलकोबीसारखे वर वाढू लागतात, तीन-चारनंतर वारा, विजा, कधी गारा. अर्ध्या तासात पारा दहा अंशांनी उतरू शकतो. तासापूर्वी उन्हाने धापा टाकणारा बारीक केसांचा कुत्रा भिजून, वाऱ्यात थंडीने कापायला लागतो. एकाच दिवसात उष्माघात आणि गारठा अशी दोन्ही टोकं इथे गाठता येतात. हवा लहरी आहे म्हणतात ते याचसाठी.

अंदाज बघण्यासाठी दोन ॲप पुरेत. हवामान खात्याचं 'मौसम' आणि पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने, तयार केलेलं 'दामिनी'. दामिनी तुमच्या आसपासच्या विजांचा इशारा देतं. रेंज नसेल तर दोन्ही निकामी, म्हणून आभाळ वाचायला शिका:

- ढग रुंदीपेक्षा उंचीत वाढताना दिसले की परत फिरा.
- गरम हवेत अचानक एका बाजूने गार वारा आला आणि मातीचा वास आला, तर सर जवळ आहे. आता शिखर विसरा.
- वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्याच्या पट्ट्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत उघड्यावर येऊ नका.

दिवसाचं वेळापत्रक

मार्चअखेरीला इथे सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उजाडतं. त्यावरून हिशेब करा.

1. पायथ्याशी उजाडताना पोचा, उजाडण्याआधी नाही. काळोखात चढून सूर्योदय बघण्याची टूम कुत्र्यासोबत नको. मागडी, रामनगर, कनकपुरा या पट्ट्यात बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. माणसाला टाळणारा बिबट्याही कुत्र्यासाठी जवळ येतो.
2. निघण्याआधी पोटभर खायला देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी दमवलं तर पोट फुगून पीळ पडू शकतो. आदल्या रात्रीचं जेवण, सकाळी चमचाभर काही आणि परतल्यावर तासाभराने पोटभर.
3. दर वीस मिनिटांनी सावलीत थांबा आणि पाणी दाखवा. प्यायला नाही तरी थांबा.
4. साडेसातला घड्याळ बघा. जिथे असाल तिथून परत. शिखर पाऊण तासावर असलं तरी परत.
5. नऊ-साडेनऊला गाडी.

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त मोडला जातो. इथला ग्रॅनाइट उन्हात तव्यासारखा तापत जातो आणि उतरताना, म्हणजे कुत्रा दमलेला असताना, तो सर्वाधिक तापलेला असतो. हाताची पालथी बाजू खडकावर सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्या पंजांनाही तो सोसत नाही. कुत्र्यासाठीचे बूट मिळतात, पण ते आधी महिनाभर घरात घालून सवय केली असेल तरच उपयोगाचे. एरवी तो वाटेत बसून ते चावत राहतो.

सह्याद्रीच्या काळ्या खडकाला पायऱ्या, खाचा, झाडोरा असतो. सावनदुर्ग म्हणजे एकसंध गुळगुळीत पाठ. तिथे वाट म्हणजे दगडावर रंगवलेले बाण. पाऊस पडला की त्याच पाठीवर माणसाचे बूटही धरत नाहीत. लहान वाटला तरी कुत्र्यासह चढण्याचा हा डोंगर नाही, एवढं स्पष्ट सांगतो.

पिशवीत काय

- पाणी. विश्रांतीतल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली लागतं. २० किलोच्या कुत्र्यासाठी सकाळभराला दीड ते दोन लिटर धरा. हे तुमच्या पाण्याव्यतिरिक्त. वाटेतल्या डबक्यातलं पाजू नका, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो तिथून होतो.
- घडीची वाटी, जुना टॉवेल, पातळ चादर.
- छातीवर बसणारा हार्नेस आणि सहा फुटांची नायलॉनची लीश. लांब गुंडाळणारी लीश नको. लोखंडी साखळी तर विजांच्या दिवसांत नकोच.
- गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर. मायक्रोचिप असेल तर उत्तम, पण गावातला माणूस चिप वाचू शकत नाही, नंबर वाचू शकतो.
- लसीकरण पत्रकाचा फोटो. रेबीजची लस मुदतीतली हवी.
- चिमटा, बँडेजची पट्टी, मऊ फडकं. दुखण्यावरच्या माणसाच्या गोळ्या ठेवल्या तरी त्या कुत्र्यासाठी नाहीत. ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात.
- विष्ठा उचलायच्या पिशव्या. डोंगरावरसुद्धा.

तुमच्या डब्याबद्दल एक सूचना. चिवड्यातले मनुके आणि तळलेला कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी. मनुक्यांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात आणि किती मनुके पुरतात याचा भरवसा देता येत नाही. चॉकलेट तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यासाठी उकडलेलं अंडं किंवा दहीभात वेगळा न्या आणि बाकीच्या डब्याची झाकणं घट्ट लावा. "एवढंसं दिलं तर काय होतंय" म्हणणारा पाहुणा प्रत्येक सहलीत असतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

लीश का सोडायची नाही

"आमचा फार शहाणा आहे, हाकेला येतो," हे वाक्य खरं असलं तरी इथे लागू नाही. कारणं तीन. एक, शेळ्या-मेंढ्या. कुत्रा मेंढीमागे लागला तर नुकसान धनगराचं होतं आणि राग तो तुमच्यावरच काढणार. त्यात त्याची चूक नाही. दुसरं, वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२. त्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला पकडणं आणि हाकणंही येतं. तुमच्या कुत्र्याने ससा किंवा मोर पळवला तर "तो खेळत होता" हे उत्तर होत नाही. तिसरं आणि या ऋतूतलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गडगडाट. घरी फटाक्यांना पलंगाखाली शिरणारा कुत्रा डोंगरावर वीज कडाडली की दिसेल त्या दिशेला सुटतो. वळवाच्या दिवसांत डोंगरावर कुत्री हरवतात ती अशी.

आभाळ भरलं की दोन लीश लावा, एक हार्नेसला, एक गळपट्ट्याला. तरीही सुटला तर:

- मागे धावू नका. पाठलागाने तो लांब जातो.
- सुटला त्या जागी एकाने थांबायचं. अंगातला टीशर्ट काढून तिथेच ठेवायचा.
- दुसऱ्याने पायथ्याच्या चहाच्या टपरीवर, देवळाच्या पुजाऱ्याकडे, शाळेत फोटो आणि नंबर द्यायचा.
- रात्री शोधायला वर चढू नका. पहाटे त्याच जागी परत या. बरीचशी कुत्री आपल्या शेवटच्या ओळखीच्या वासाकडे परततात.

गावात शिरताना तिथली कुत्री अंगावर येतील. आपल्या कुत्र्याला उचलून कडेवर घेण्याचा मोह होतो, पण त्याने ती उड्या मारतात. वाट बदला, मध्ये आपण उभे राहा, दगड उचलल्यासारखं खाली वाका. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नका. गावकऱ्यांशी चार शब्द कन्नडमध्ये बोलाल तर अर्धी वाट सोपी होते: "मळे बरुत्ता?" म्हणजे पाऊस येईल का, "चिरते इदेया?" म्हणजे बिबट्या आहे का. त्यांनी "होगबेडी" म्हटलं तर जाऊ नका असं सांगताहेत. ते ऐका.

वीज आली तर

एकट्या झाडाखाली, कठड्याला टेकून, शिखरावरच्या मंडपात किंवा पाण्याजवळ थांबू नका. कड्यावरून, उंचवट्यावरून खाली या. गाडी जवळ असेल तर काचा लावून आत बसणं सगळ्यात सुरक्षित. वाटेतच अडकलात तर सखल जागेत पाय जुळवून उकिडवे बसा, कुत्र्याला शेजारी बसवा, चादर अंगावर घ्या, पण जमिनीवर आडवे होऊ नका. सोबत आणखी माणसं असतील तर एकमेकांपासून अंतर ठेवा. सर ओसरल्यावर कुत्र्याला टॉवेलने कोरडं करूनच गाडीचा एसी लावा.

अंगावर येणारी संकटं आणि पहिला तास

उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. ४१च्या वर गेलं की अवयवांना धोका. लक्षणं ओळखा: जीभ लालभडक किंवा जांभळी, चिकट लाळ, पाय लटपटणं, ओकारी, बोलावल्यावर न बघणं. आधी थंड करा, मग गाडीत घाला. सावलीत न्या, पोट, काख, जांघ यांवर जवळ असेल ते पाणी ओता आणि वारा घाला. पाणी गारेगारच हवं असं नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तरच थोडं थोडं पाजा. तो उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरकडे न्याच. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याचं पुढच्या एक-दोन दिवसांत कळतं.

उन्हातली गाडी. "पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत ठेवू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं.

साप. घोणस आणि नाग दोन्ही या भागात आहेत. कुत्रा वास घेताना पुढे नाक घालतो, त्यामुळे दंश बहुधा तोंडाला किंवा पायाला होतो. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. त्याला चालू देऊ नका, उचला. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते. मात्र ती प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून निघतानाच फोन करून खात्री करा.

आग्या मोहोळ. कड्यांना लटकलेली पोळी दुरून बघा. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माशा उठल्या तर कुत्र्यावर चादर टाकून खाली पळा. एकाच जागी झटापट करू नका.

कुसळं आणि सराटे. उन्हाळ्यातलं वाळलं गवत कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, पापणीखाली घुसतं आणि आत आत सरकत राहतं. परतल्यावर कुत्रा सतत एकच पंजा चाटत असेल किंवा डोकं एका बाजूला झटकत असेल तर कुसळ अडकलंय. कानातलं स्वतः काढू नका.

तुमचे हक्क, तुमची जबाबदारी

- सोसायटीने कुत्र्याला लिफ्ट वापरू दिली नाही किंवा पाळायलाच बंदी घातली, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक दाखवा. अशी सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही.
- कोणी तुमच्या कुत्र्याला मारलं, विष घातलं, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. तक्रार नोंदवून घ्यायला सांगा, पोच मागा.
- तुमचा कुत्रा निष्काळजीपणामुळे कुणाला चावला, तर कलम २९१ तुमच्यावर लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्या माणसाला त्याच दिवशी लस मिळेल हे बघा आणि खर्च आपणहून द्या. ही रीत आहे.
- होमस्टेवाल्याने "पेट फ्रेंडली" म्हटलं तर त्याचा अर्थ लेखी विचारा: खोलीत की बाहेरच्या पिंजऱ्यात? मळ्यातले त्यांचे स्वतःचे कुत्रे मोकळे असतात का? वेगळे पैसे किती?
- नम्म मेट्रोत कुत्र्यांना प्रवेश नाही. राज्य परिवहनच्या काही बसमध्ये तिकीट काढून नेता येतं, पण सकाळच्या गर्दीत ती शिक्षा ठरते. पाळीव प्राण्यांसाठीची टॅक्सी बेंगळुरूत मिळते. मात्र डोंगराच्या पायथ्याशी परतीला मिळेलच असं धरू नका.

फोनमध्ये साठवायचे क्रमांक: कर्नाटकातली जनावरांची रुग्णवाहिका १९६२, वनखातं १९२६, आणीबाणी ११२. सोबत तुमच्या नेहमीच्या पशुवैद्याचा आणि हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याचा.

घरी परतल्यावर

अंघोळीआधी गोचीड शोधा: कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडी यांतलं काही नको. पशुवैद्य देतात ती गोचीडप्रतिबंधक चघळायची गोळी सहलीच्या आधी, त्यांनी सांगितलेल्या दिवशी द्यायची असते, आल्यानंतर नव्हे. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. भूक मंदावली, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी गडद झाली तर रक्त तपासून घ्या. गोचीडताप लवकर कळला तर बरा होतो.

शिवमोग्गा, चिक्कमगळूर, उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात गेला असाल तर स्वतःचंही अंग तपासा. तिथे माकडताप आहे. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आता दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातल्या सत्तरीतही तो ठाऊक आहे. गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा हंगाम नेमका हाच, पावसाळ्याआधीचा कोरडा काळ. दोन आठवड्यांत तुम्हाला जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना लक्षणं सांगताना आपण कुठल्या डोंगरात, कोणत्या तारखेला गेलो होतो आणि सोबत कुत्रा होता, हेही सांगा.